शेळीच्या दुधाचे स्वतंत्र संकलन नाशिक जिल्ह्यात व्हावे का?

धागाकर्ता (सिन्नर):
सिन्नर, येवला, नांदगाव या कोरडवाहू पट्ट्यात संगमनेरी शेळ्या पुष्कळ आहेत. तरीही त्यांचे दूध एक तर घरातच संपते, नाहीतर गायीच्या दुधात मिसळून केंद्रावर जाते, जेथे फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक) पाहून भाव लागतो, जनावर पाहून नव्हे. वास्तविक अन्नसुरक्षेच्या नियमांत शेळीच्या दुधाची मानके वेगळी आहेत आणि निरनिराळ्या जनावरांचे एकत्र केलेले दूध ‘मिश्र दूध’ म्हणूनच विकावे लागते. डेंग्यूची साथ आली की नाशिक शहरातली, पंचवटी-सातपूरची मंडळी प्लेटलेट वाढतात या समजुतीने याच दुधासाठी वस्त्यांवर खेटे घालतात आणि सांगाल तो दर देतात. बल्क कूलर (दूध थंड साठवण्याची टाकी) बसवून वेगळे संकलन केले, तर ही मागणी बारमाही होऊ शकेल असे माझे मत आहे.

शेळीपालक (निफाड):
माझा विरोध हिशेबापुरता आहे. संगमनेरी शेळी दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर दूध देते, त्यातले करडांना पाजायचे, आणि करडांना दूध कमी पडले की बोकडाचा भाव घसरतो; आमचा खरा पैसा तर बोकडातच आहे. शंभर लिटरचा कूलर रोज भरायचा, तर दुभत्या शेळ्याच दीड-दोनशे हव्यात, आणि भाकड व गाभण शेळ्या त्यात धरलेल्याच नाहीत. त्यापेक्षा म्हैस परवडते. तिच्या दुधाला सहा-सात टक्के फॅट लागते, खवा चांगला पडतो, दही कवडीसारखे लागते. शेळीच्या दुधात अल्फा-एस-१ केसीन हे दही घट्ट करणारे प्रथिन कमी असल्याने दही सैलच राहते.

डॉक्टर (नाशिकरोड):
डेंग्यूचा ताप उतरल्यानंतर बहुतेक रुग्णांच्या प्लेटलेट आपोआप वाढतात आणि श्रेय दुधाला मिळते; प्लेटलेट या दुधामुळे वाढतात, याला विश्वासार्ह पुरावा नाही. घाईत आणलेले दूध न उकळता पाजले जाते, त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बालकांना शेळीचेही चालत नाही, कारण प्रथिने फार मिळतीजुळती असतात, आणि लॅक्टोज न पचणाऱ्यांनाही त्याचा विशेष उपयोग नाही. शेळीच्या दुधात फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व इतके कमी असते, की तान्ह्या बाळाला केवळ त्यावर वाढवल्यास रक्तक्षय होतो. भीतीतून आलेल्या गिऱ्हाइकावर धंदा उभारू नये, असे मला वाटते.

धागाकर्ता:
डॉक्टरसाहेब, साथीचा उल्लेख मी गिऱ्हाईक आहे हे दाखवण्यासाठी केला. औषध म्हणून दूध विकण्यास माझाही विरोधच राहील. निफाडच्या दादांच्या हिशेबाला मात्र उत्तर आहे. रोज कूलर भरण्याची गरज पिशवीतल्या दुधाला असते, चीजला नव्हे. मऊ चीजसाठी शेळीच्या दुधाचा चक्का गोठवून साठवता येतो आणि पुरेसा जमल्यावर एकदम वापरता येतो, त्यामुळे सैल दह्याचीही अडचण उरत नाही. ग्रीसच्या ‘फेटा’ नावाच्या चीजमध्ये मेंढीच्या दुधाबरोबर तीस टक्क्यांपर्यंत शेळीचे दूध चालते. आपल्याकडे गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरींमध्ये येणारा पर्यटक चीज मागतोच. ते इथल्या शेळीचे का असू नये?

शेळीपालक (निफाड):
चक्क्याचे पटले, परंतु बोकड कळपात असला की दुधाला त्याचा उग्र वास लागतो आणि असले चीज कोणी घेणार नाही. म्हणजे बोकडाला दूर, वेगळा गोठा आला. पाच-सात शेळ्यांच्या घरी तेवढी जागा नाही, आणि त्याचा खर्च चीजवाला भावात धरणार का, हे आपण अजून सांगितलेले नाही.