‘गोंझो’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकन पत्रकार हंटर थॉम्प्सनवर लिहितेय आणि त्याच्या ‘गोंझो पत्रकारिते’पाशी अडलेय, म्हणजे बातमीदार तटस्थ न राहता स्वतःच बातमीत घुसतो ती. ‘निर्भीड’ लिहिलं तर मैत्रीण म्हणाली, हे तर प्रत्येक साप्ताहिकाच्या नावाखाली छापलेलं असतं. ‘अतरंगी’ फार लाडिक वाटतं. काय सुचतंय?

—

मैत्रिणीचं बरोबर आहे, पण ‘निर्भीड’वर अन्यायही झालाय. भीड म्हणजे भीती नव्हे, संकोच, मुलाहिजा. भिडेखातर केलेलं काम, भिडस्त माणूस, ‘भीड भिकेची बहीण’, सगळीकडे तोच अर्थ. त्या अर्थानं थॉम्प्सन अस्सल निर्भीड. वापरून वापरून शब्दाची धार गेली, त्याला काय करणार!

‘गोंझो’ हे नाव त्यानं स्वतः शोधलेलं नाही. १९७०मध्ये तो आपल्या जन्मगावी, केंटकीतल्या लुईव्हिलला, डर्बीची घोड्यांची शर्यत टिपायला गेला. सोबत ब्रिटिश चित्रकार राल्फ स्टेडमन. लेखात घोडे जेमतेम दिसतात; दिसतात ते झिंगलेले, गुर्मीतले प्रेक्षक. मुदत उलटली तरी लेख जुळेना, तेव्हा वहीतली पानं फाडून, आकडे घालून तशीच पाठवली, असं तो सांगायचा. ते वाचून बिल कार्डोसो हा पत्रकारमित्र म्हणाला, हे शुद्ध गोंझो! कार्डोसोच्या मते हा दक्षिण बॉस्टनच्या आयरिश वस्तीतला शब्द: रात्रभर पिऊन शेवटी जो उभा राहतो तो. इटालियनमध्ये मात्र गोंझो म्हणजे बावळट. व्युत्पत्तीवर एकमत नाहीच.

माझं मत ‘बेमुर्वत’ला. ही तक्रारीची भाषा आहे, ‘फार बेमुर्वतखोर आहे मेला!’ अशी. कुठलंही वर्तमानपत्र हा शब्द मिरवणार नाही, म्हणूनच तो चालेल. त्याच वर्षी हा गृहस्थ कोलोरॅडोतल्या पिटकिन काउंटीत शेरीफपदाला उभा राहिला. समोरच्या उमेदवाराचे केस बारीक कापलेले, म्हणून यानं स्वतःचं डोकं तुळतुळीत केलं आणि त्याला ‘माझे लांबकेसवाले प्रतिस्पर्धी’ म्हणू लागला. जाहीरनाम्यात काय, तर अ‍ॅस्पेनचे रस्ते उखडून हिरवळ लावू आणि गावाचं नाव बदलून ‘फॅट सिटी’ करू, म्हणजे जमिनीच्या दलालांना ‘अ‍ॅस्पेन’ हे नाव विकता येणार नाही. (‘फॅट सिटी’ला मी ‘चंगळपूर’ म्हणेन.) पडला, अर्थात.

—

‘बेमुर्वत’ आवडला, पण पुरत नाही. १९७२च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यानं लिहिलं की डेमोक्रॅट इच्छुक एडमंड मस्की इबोगेन नावाचं नशेचं औषध घेतात अशी अफवा आहे. मागाहून म्हणाला, अफवा होतीच, मीच उठवली होती. याला मराठीत कंडी पिकवणं म्हणतात. मुर्वत नसणं वेगळं, थाप मारणं वेगळं. एक शब्द दोन्ही कसा पेलणार?

—

पेलत नाही, मान्य. पण त्याच निवडणुकीतल्या डेमोक्रॅट उमेदवाराच्या, मॅकगव्हर्नच्या, प्रचारप्रमुखानं, फ्रँक मॅन्कीविझनं, थॉम्प्सनच्या वार्तांकनाबद्दल काय म्हटलं पाहा: सगळ्यांत अचूक आणि तथ्याला सगळ्यांत कमी धरून! कंडीबहाद्दर खूप असतात, त्यांच्याबद्दल असं कोणी म्हणत नाही. शिवाय हा स्वतःलाही सोडत नाही. डर्बीत तो आणि स्टेडमन दिवसभर एक चेहरा शोधत होते, त्या सगळ्या सडकेपणाचं चित्र काढता येईल असा. अखेर तो सापडला आरशात, सुजलेला, तारवटलेला, थॉम्प्सनचाच.

—

ठरलं. शीर्षकात ‘बेमुर्वत’, आत ‘गोंझो’ तसाच. आणि त्याच्या ‘फिअर अँड लोथिंग’ या प्रसिद्ध शब्दजोडीतलं ‘लोथिंग’ मी ‘तिरस्कार’ केलं होतं, ते आरशाचं वाचून खोडलं. तिरस्कार दुसऱ्याचा करतो माणूस. ‘शिसारी’ लिहितेय, ती स्वतःचीही येते.