मदत हवी आहे: लेकाने गळ्यातला क्रूस काढून ठेवलाय

जय ख्रिस्त, ताई-दादांनो. आम्ही मूळचे नगरचे, सध्या इंग्लंडमध्ये. इथे 2021च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या 37.2 टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असं नोंदवलंय. परवा दप्तर आवरताना बारा वर्षांच्या लेकाचा क्रूस कंपासपेटीत, खोडरबराखाली सापडला. मी गप्प राहिले. रात्री प्रार्थनेला बसल्यावर तोच म्हणाला, “आई, सगळे विचारतात देव आहे कशावरून. मला उत्तर येत नाही.” पोटात तुटलं. बायबलमधला दानिएल परक्या बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान असूनही देवाला धरून राहिला, ती गोष्ट त्याला फार आवडते; पण तिथे दानिएलासोबत तिघे मित्र तरी होते. हा वर्गात एकटा. त्यात फुटबॉलचे सामने रविवारी, ऐन उपासनेच्या वेळी. ते बंद करावेत का? त्याच्या शंकांना घरी कशी उत्तरं द्यावीत? ज्यांची मुलं यातून गेलीत, त्यांनी जरूर लिहा.