फुकट दिलंत ना, मग आता पैसे कसले मागता?

खटपट्या:
ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी मी बनवलेल्या ओपन सोर्स स्विच अडॅप्टरच्या (बटण संगणकाला जोडणारी डबी, तिचा आराखडा आणि कोड सगळ्यांना खुला) देखभालीला प्रायोजक हवेत, असं आवाहन टाकलं होतं. त्यावर 'हिशेबी' लिहितात, "आधी स्वतःहून फुकट वाटायचं, नाव कमवायचं आणि मग झोळी पसरायची. परवडत नसेल तर विका, नाहीतर बंद करा." सोडून देणार होतो, पण राहवेना.

यूएसबी कीबोर्ड असल्याचं सोंग घेणारा मायक्रोकंट्रोलर (छोटीशी संगणक-चिप), साडेतीन मिलिमीटरचा जॅक आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेली डबी. हे जोडणं सोपं आहे, कुणीही करेल. खरं काम नंतरचं. एका मुलाचा हात थरथरतो, एकदा दाबलं की तीन क्लिक पडतात. मग किती मिलिसेकंदांच्या आतले दाब सोडून द्यायचे, हे ज्याचं त्याला ठरवता यायला हवं. दुसऱ्या बाईंचा दाब इतका हलका की नोंदच होत नाही. त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट येतं आणि कुणाचं तरी बोलणंच थांबतं, कारण तो संगणकाकरवी बोलतो आणि ते याच बटणावर चालतं. हे सगळं मी नोकरीवरून आल्यावर निस्तरतो. पैसे मागतोय ते या तासांचे, डबीचे नाहीत.

इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणारं फुकट ओपनएसएसएल विसरलात? 2014 मध्ये त्यातली हार्टब्लीड नावाची मोठी चूक बाहेर आली तेव्हा कळलं, असंख्य सर्व्हर ज्याच्या भरवशावर त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या जेमतेम दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ माणूस एक!

हिशेबी:
बटणाची बरोबरी थेट ओपनएसएसएलशी! तिथे कंपन्यांनी नंतर पैसे ओतले ते स्वतःच्या गळ्याशी आलं म्हणून. तुमच्या बटणानं कुठल्या कंपनीचं काय अडतंय?

आणि प्रायोजक मिळून तरी काय होतं? लिनक्सवरचा ओर्का स्क्रीन रीडर (अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सन कंपनीनं पोसला. 2010 मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली आणि ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंगांना वापरता यावं यासाठी काम करणाऱ्या माणसांवर कुऱ्हाड चालवली. मीही एका प्रकल्पाला पैसे दिले होते. नवा लोगो आला, बग तिथल्या तिथे. कशावर खर्च केलेत असं विचारलं तर मलाच ब्लॉक केलं.

कलमबहाद्दर:
परवाना एमआयटी, म्हणजे कुणीही घ्या, काहीही करा असा ठेवलात तिथेच माती खाल्लीत. जीपीएल लावा, म्हणजे बदल करून वाटणाऱ्याला आपला कोडही खुला करावा लागतो, मग बघा कंपन्या कशा चर्चेला येतात. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय, कुणी ऐकेल तर शपथ.

खटपट्या:
कंपन्या माझं बटण चोरतायत हे मलाच माहीत नव्हतं. परवान्यावर दुसरीकडे भांडू.

गोडगळा:
प्रायोजक का येत नाहीत, सरळ आहे. दिसायला-ऐकायला धड काही नसतं. विंडोजवरच्या फुकट स्क्रीन रीडरचा, एनव्हीडीएचा, तो ईस्पीक नावाचा यांत्रिक आवाज ऐका, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा! आधी तिथे पैसा लावा. डेमो गोड झाला की प्रायोजक रांग लावतील.

कानसेन:
आलात का परत! अहो, तो आवाज तुमच्या डेमोसाठी नाहीच. मला दिसत नाही, दिवसभर त्याच आवाजावर काम करतो, आणि ज्या वेगानं ऐकतो त्या वेगात तुम्हाला एक शब्द लागणार नाही. माणसाच्या ध्वनिमुद्रणावरून केलेले बरेच आवाज इतके पळवले की व्यंजनं गिळतात. ईस्पीकचा आवाज गणितानं तयार होतो, तो फाटत नाही. मी बाण दाबला की चालू वाक्य तिथेच तुटून पुढचं सुरू व्हायला हवं. तुमचा गोड आवाज आधी श्वास घेतो! वर ईस्पीक जुन्या लॅपटॉपवरही पळतो.

गोडगळा:
तुम्ही सरावलेले. माझ्या मावशीची नजर उतारवयात गेली. तो आवाज ऐकून तिनं हेडफोन काढले ते परत घातलेच नाहीत. तिला काय सांगू, आधी कान तयार कर?

कानसेन:
विंडोजचे साधे आवाज एनव्हीडीएत चालतात. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि एस दाबा, यादीतून बदला. मावशींना हे सांगायला कुणी नव्हतं, एवढं मान्य. पण म्हणून आमचा आवाज भुंगा?

गोडगळा:
बरं, भुंगा मागे. पण ही की कुठे लिहिलेली असते हो?

हिशेबी:
धागा पैशांचा होता ना? बघा, फुकटवाल्यांच्यात कुणालाच मुद्द्यावर राहता येत नाही.

कानसेन:
मुद्दाच ऐका मग. एनव्हीडीए 2006 मध्ये मायकेल करन या अंध तरुणानं सुरू केलं, कारण बाजारातले स्क्रीन रीडर अनेकांच्या आवाक्याबाहेर होते. आजही ते फुकट आहे. त्यामागे संस्था आहे, ती अनुदानं घेते, प्रशिक्षणाचं साहित्य विकते, डाउनलोड करताना देणगी विचारते. तुमच्या भाषेत झोळीच ती. ती नसती तर तुम्हाला हे उत्तर मी लिहू शकलो नसतो.

खटपट्या:
आणि 'बंद करा' म्हणणाऱ्यांनी 2024 चं एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारं फुकट सॉफ्टवेअर, आठवावं. सांभाळणारा एकटा, थकलेला. 'लवकर करा' म्हणून लोक मागे लागले, आणि मदतीला धावून आलेल्या अनोळखी माणसानं कोडमध्ये चोरदार बसवलं.

हिशेबी:
भीती घालून वर्गणी, हा नवा प्रकार. ठीक आहे. दरमहा उघडा हिशेब टाका, कुठल्या बगवर किती तास गेले. तो दिसला तर माझे थोडेफार येतील. नाही दिसला तर इथेच येऊन बोंबलेन. आणि गोड आवाजासाठी छदामही मिळणार नाही, आधीच सांगतो.

खटपट्या:
हिशेब टाकतो. पण आवाज मागितला कुणी? माझ्या बटणाला आवाज नाहीच, नुसतं 'टक्' होतं.

गोडगळा:
ते टक् बदलता येतं का?