डिस्पोजर बसवावा की नाही?

प्रस्ताव
ओला कचरा सिंकखालीच दळून सांडपाण्यात सोडणारा डिस्पोजर बसवावा, असे माझे मत आहे. उरलेल्या अन्नात बहुतांश पाणीच असते. ते डब्यात कुजू देऊन मग गाडीतून वाहून नेण्यात कोणते शहाणपण आहे? निवडताना अर्ध्या अश्वशक्तीपेक्षा कमी ताकदीची मोटर घेऊ नये, कारण तंतुमय साले आली की लहान यंत्र हमखास अडते. आत धारदार पाती असतात हा समजही सोडावा. फिरत्या तबकडीवरचे बोथट गुटके कचरा कडेच्या दातेरी कड्यावर रगडतात.

प्रतिसाद १ (विरोधी)
यंत्र तुम्ही नीट समजावलेत, परंतु दळलेला कचरा पुढे जातो कुठे, याविषयी प्रस्तावात अक्षरही नाही. तो सांडपाण्यातील सेंद्रिय भार वाढवतो. पावसाचे आणि घरांचे पाणी एकाच गटारातून वाहते तिथे मुसळधार पावसात हे सारे प्रक्रियेविनाच नदीत उतरते. याच धास्तीने न्यूयॉर्कमध्ये अशा भागांत असलेली बंदी १९९७ पर्यंत टिकली. सेप्टिक टँक असेल तर गाळ लवकर साचतो आणि टाकी वरचेवर उपसावी लागते.

प्रस्तावक
सेप्टिक टँकचा मुद्दा मान्य. मात्र न्यूयॉर्कने प्रत्यक्ष चाचणी घेऊनच ती बंदी उठवली, हेही सांगायला हवे होते. जिथे मैला प्रक्रिया केंद्रात गाळापासून बायोगॅस तयार करतात, तिथे हाच कचरा इंधन ठरतो.

प्रतिसाद २
वाद चालू द्या, पण यंत्र विकत घेण्याआधी सिंकखाली वाकून पाहा. डिस्पोजर लावल्यावर पाणी बाहेर पडण्याची जागा बरीच खाली येते. भिंतीतील सांडपाण्याच्या नळाचे तोंड तिच्यापेक्षा उंच असेल तर पाणी यंत्रातच तुंबून राहते, आणि मग भिंत फोडून नळ खाली घेण्यावाचून उपाय उरत नाही. सिंकचे छिद्र साधारण ९० मिलिमीटरचे लागते. डिशवॉशरची नळी जोडायची असेल तर डिस्पोजरवर तिच्यासाठी असलेल्या तोंडातले बूच आधी पाडावे, कारण ते तसेच राहिले की पाणी निघत नाही आणि दोष विनाकारण डिशवॉशरला दिला जातो. अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट हवेच. लहान मुले असतील तर झाकण बसवल्याशिवाय सुरू न होणारा प्रकार घ्यावा, मग एका वेळी थोडाच कचरा दळला जाईना का.

प्रतिसाद १
ही माहिती उपयुक्त आहे, तरी माझा विरोध कायम आहे. बायोगॅस करणारे केंद्र आपल्या नळाच्या टोकाला आहे की नाही, हे किती ग्राहक विचारतात? शिवाय दळताना आणि नंतरही काही सेकंद थंड पाणी जोरात सोडावे लागते. गरम पाण्याने वितळलेली चरबी पुढे नळात जाऊन थिजते. खत केले तर निदान सत्त्व मातीत परतते.

प्रस्तावक
अंगण किंवा गच्ची नसलेल्या घरात खत करणे तितके सोपे नाही. थंड पाण्याचा नियम मात्र घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवा.

प्रतिसाद २
आणि बहुमजली इमारतीत सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. सामाईक उभा नळ तुंबला की पाणी दळणाऱ्याच्या घरात नव्हे, तर सर्वांत खालच्या मजल्याच्या सिंकमधून वर येते.