मदत हवी आहे : एरिक मारिया रेमार्क आणि त्याची बहीण

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर मला जर्मन लेखक रेमार्कवर बोलायचं आहे. पहिल्या महायुद्धावरची त्याची कादंबरी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' इंग्रजीतून दोनदा वाचली. तोफगोळ्याच्या खड्ड्यात अडकलेला जर्मन सैनिक पॉल, त्याच्याच हातून भोसकला गेलेला फ्रेंच सैनिक, आणि तो गेल्यावर पाकिटातून निघालेले बायको-मुलीचे फोटो... तिथे पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

रेमार्कचा १८९८ चा ओस्नाब्रुकचा जन्म, १९१७ मध्ये बेल्जियममधल्या फ्लँडर्सला जखमी, १९२९ मध्ये पुस्तक आलं आणि जगभर खपलं, १९३३ मध्ये नाझींनी ते जाळलं, १९३८ मध्ये नागरिकत्वही काढून घेतलं. एवढं टिपून ठेवलंय. पण मला मुख्यतः बोलायचंय ते त्याच्या धाकट्या बहिणीबद्दल. एल्फ्रीडे शिवणकाम करायची. युद्ध आता हरल्यातच जमा आहे, असं बोलली म्हणून डिसेंबर १९४३ मध्ये नाझींनी तिचा शिरच्छेद केला. भाऊ अमेरिकेत होता, त्यांच्या हाती लागला नव्हता. पुढे त्याने 'स्पार्क ऑफ लाइफ' ही छळछावणीवरची कादंबरी तिला अर्पण केली.

ही कादंबरी कुणाकडे आहे का? पुण्यात असाल तर आठ दिवसांसाठी द्याल? जपून वापरेन. एल्फ्रीडेच्या खटल्याबद्दल इंग्रजीत वा मराठीत काही वाचलं असेल तर नक्की सांगा. आणि जर्मनीतल्या आपल्यापैकी कुणी ओस्नाब्रुकचं रेमार्क केंद्र पाहिलंय का? तिथे तिच्याबद्दल काय मांडलंय, तेही कळवा.