टूर कंपनी दिवाळखोरीत, आईबाबांचे पैसे अडकलेत. क्लेम फॉर्म बी की फॉर्म एफ?

नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे.

आईबाबा आणि काका-काकू असं चौघांचं युरोप टूरचं बुकिंग एका टूर कंपनीकडे केलं होतं, एकूण ११ लाखांच्या आसपास, त्यातले २ लाख माझ्या क्रेडिट कार्डवरून आणि बाकीचे बाबांनी ग्रॅच्युइटीच्या पैशातून एनईएफटी केले. पूर्ण पेमेंट घेतलं, व्हिसासाठी पासपोर्ट पण घेतले आणि आता ऑफिसला कुलूप, फोन कोणी उचलत नाही, आणि पेपरात जाहीर नोटीस की एनसीएलटीने (कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या केसेस बघणारं न्यायाधिकरण) कंपनीची केस दाखल करून घेतलीय, ज्यांचे पैसे येणं आहे त्यांनी आयआरपीकडे (कंपनीचा कारभार तात्पुरता बघायला नेमलेला अधिकारी) क्लेम भरावा. बाबा तेव्हापासून नीट जेवत नाहीयेत.

मोरॅटोरियम (दिवाळखोरी कायद्याच्या कलम १४ खाली कंपनीवरच्या केसेसना स्थगिती) लागलाय म्हणून ग्राहक आयोगात कंपनीवर केस चालणार नाही हे कळलं. म्हणजे क्लेमच भरायचा. आमचे सीए म्हणतात तुम्ही 'इतर' मध्ये येता, फॉर्म एफ भरा. पण हिट्रो एनर्जीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२२ ला सेवेसाठी ॲडव्हान्स देणारा पण ऑपरेशनल क्रेडिटर (माल किंवा सेवेच्या व्यवहारातले पैसे येणं असलेला) धरलाय, मग त्यांच्यासाठीचा फॉर्म बी नको का? कोणी स्वतः भरलाय का?

दुसरं, कार्डच्या २ लाखांसाठी बँकेकडे चार्जबॅक (कार्डने दिलेले पैसे परत मिळवायची मागणी) टाकलाय, तर बँक कंपनीचं कॅन्सलेशन लेटर मागतेय, ते आता देणार कोण? एनसीएलटीची ऑर्डर आणि न मिळालेल्या सेवेचं कारण लावून कोणाचं काम झालंय का? आणि तेच २ लाख क्लेममध्ये पण दाखवायचे का?

कॉक्स अँड किंग्ज ही टूर कंपनी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनसीएलटीत गेली आणि डिसेंबर २०२१ ला लिक्विडेशनची (कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकायची) ऑर्डर झाली, तेव्हा ज्यांचे टूरचे पैसे अडकले होते त्यांनी प्लीज सांगा हातात काही आलं का, कारण त्याच कायद्याच्या कलम ५३ मधल्या पैसे वाटपाच्या रांगेत आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, आपण पार खाली. २०१९ मध्येच ब्रिटनमध्ये थॉमस कुक ही टूर कंपनी बुडाली तर तिथे ॲटॉल या प्रवाशांच्या पैशांना संरक्षण देणाऱ्या योजनेतून पॅकेजवाल्यांना पैसे परत मिळाले, असं संरक्षण आपल्याकडे असायलाच हवं.

आणि पासपोर्टचं काय? काकूंना लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला जायचंय, त्यामुळे हे सगळ्यात आधी हवंय. आयआरपीला मेल करायचा की थेट व्हिसा सेंटरला विचारायचं?