शिवसागरातील वेगवान बोटी आणि मासेमारांची जाळी

सातारकर (धागाकर्ता): कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयात जलपर्यटन वाढावे, याला माझा विरोध नाही. परंतु बामणोली, तापोळा, मुनावळे या पट्ट्यात वेगवान बोटींना मोकळे रान देण्याआधी मासेमारांचे पाणी कोणते, हे ठरले पाहिजे. सोळशी आणि कांदाटी यांच्या दऱ्यांत जिथे धरणाच्या पाण्याचा फुगवटा आत शिरतो, त्या उथळ पाण्यात संध्याकाळी जाळी लावून पहाटे काढली जातात. वर दिसतात ते थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या; बोटीच्या पंख्यात जाळे गुंतले, की कटला-रोहू तर जातातच, शिवाय जाळ्याच्या चिंध्या होतात. म्हणून बोटींनी मधल्या खोल पाण्यात राहावे, दऱ्यांत शिरू नये.

लाँचवाला: आपला नियम कागदावर सोपा दिसतो. धरणात जुन्या वाटा बुडाल्या, तेव्हापासून पैलतीरावरच्या कित्येक वाड्यांना लाँच हाच रस्ता आहे. आजारी माणूस, बाजार, शाळकरी मुले, सगळे तिच्यातूनच जातात. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांच्या भाड्यावर आमचा हिवाळा निघतो. आणि माशांची एवढी काळजी असेल, तर बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची, जाळी कोण लावते? पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे, अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे कोण धरते? त्याबद्दल आपण एक अक्षर लिहिलेले नाही.

सातारकर: उतारूंची संथ लाँच मला अभिप्रेत नव्हती; तिचा मार्ग ठरलेला असतो आणि जाळे कुठे आहे हे तिच्या चालकाला ठाऊक असते. प्रश्न मौजेसाठी काठाला घिरट्या घालणाऱ्या बोटींचा आहे. चढणीच्या माशांबद्दल आपले म्हणणे रास्त आहे, आणि पावसाळ्यातील बंदी कडकपणे पाळलीच पाहिजे. मात्र जलाशयात सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, मोठी होईपर्यंत त्याच उथळ पाण्यात वाढतात, हेही विसरता येत नाही.

रानवाट: तुम्ही दोघेही जंगल विसरलात. कोयना अभयारण्य १९८५ पासून आहे आणि २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पाण्यावर उतरणाऱ्या जनावरांना इंजिनाचा आवाज आणि जाळे दोन्ही सारखेच नकोत.

लाँचवाला: जंगल राखायला आधीच गावे उठली, उरलेल्यांनी पाण्यावरचा हक्कही सोडावा, हे मान्य नाही. सातारकरांनी लाँचला वगळले असेल, तर दऱ्यांच्या तोंडाशी तरंगत्या खुणा लावायला माझी हरकत नाही. फक्त उन्हाळ्यात पाणी उतरले की काठ दूर सरकतो, म्हणून त्या खुणा दर महिन्याला हलवाव्या लागतील, आणि ते काम मासेमार व लाँचवाले यांनी मिळून करावे.